आजी शेतावर गेली

आत्या, आधी भांडून घेते, रडणं मागाहून. तुम्हीच म्हणायचात ना, "ही देहूरोडची पोरगी, गप बसली तर हिच्या पोटात दुखतं"? मग ऐका आता. तुम्ही गेलात ते गेलात, पण जाताना मला असं कोंडून गेलात की कुठल्या दारानं बाहेर पडावं ते कळेना झालं होतं.

तुमची नात सकाळी उठली की तोंडसुद्धा न धुता मागच्या दाराला जाऊन बसायची. आरूला अजून तीन वर्षं पुरी नाहीत. उंबऱ्यावर पाय सोडून ती शेताकडच्या पायवाटेकडे बघत राहायची. मी दूध नेलं की पेला ढकलायची. "चल आत, गार लागतंय," म्हटलं तर म्हणायची, "आजी आली की." आजी शेतावर गेलीय, शेतावरनं ती याच वाटेनं येते, मग आत कशाला जायचं? तिचं काही चूक नव्हतं.

हे तिला तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला जाताना बघितलं की ती भोकाड पसरायची, पदर म्हणून सोडायची नाही. म्हणून तुम्ही स्वतःच्या घरातून चोरासारखं निघायची युक्ती काढलीत. विळा आणि भाकरीचं फडकं आदल्या संध्याकाळीच मागच्या पडवीत नेऊन ठेवायचं. झुंजुमुंजू झालं की बांगड्या पार कोपरापर्यंत सारायच्या, वर चिंधी गुंडाळायची, चपला हातात घ्यायच्या आणि मला डोळ्यांनी खूण करून पसार व्हायचं. मला हसू फुटायचं आणि तुम्ही ओठावर बोट ठेवून डोळे वटारायचात. अशी पळपुटी सासू सगळ्या मावळात शोधून सापडायची नाही.

मग आरू उठून विचारायची, "आजी?" आणि आम्ही सगळे एका सुरात, "आजी शेतावर गेली." ती जराशी मुसमुसायची आणि खेळायला लागायची. दिवेलागणीला तुम्ही येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तुम्ही यायचात. पावसात, चिखलात, कंबर मोडलेली असली तरी यायचात.

त्या दिवशीही तुम्ही तशाच गेलात हो. पहाटे छातीत कळ आली, तुमच्या लेकानं तुम्हाला उचलून जीपमध्ये घातलं, आणि कामशेत यायच्या आधीच सगळं संपलं. आरू झोपेत होती. तुम्हाला परत घरी आणलं तेव्हा मी तिला शेजारी धाडलं. एवढ्याशा जिवानं हे बघू नये असं सगळ्याच बायका म्हणाल्या, आणि मलाही तेव्हा ते पटलं. नदीवरनं माणसं परत आल्यावर तिला आणली. घर बायकांनी भरलेलं, वन्सं भिंतीला डोकं टेकून रडत होत्या. पोरगी त्या गर्दीत बावरली आणि सरळ आबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, आजी कुटंय?"

मामंजी खांबाला टेकून बसले होते. दिवसभरात त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तुम्हाला खांदा दिला, सगळे विधी केले, आल्यागेल्याला पाणी विचारलं, पण रडले नाहीत. त्यांनी नातीकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "शेतावर गेली."

झालं. घरातल्या वडील माणसानं शब्द टाकला, तो मोडणार कोण? मी? सुनेनं, भरल्या घरात, ज्या दिवशी त्यांची बायको गेली त्या दिवशी त्यांना खोटं पाडायचं? माझं तोंड कितीही चालत असलं तरी तेवढी बेशरम मी नाही. म्हटलं, दहावं होऊ दे, मग सांगू.

दहावं झालं, तेरावं झालं, आणि तोवर त्या एका शब्दाला फांद्या फुटल्या होत्या. येणारा प्रत्येक जण त्यात आपली भर घालून जायचा. कुणी म्हणे आजी भात कापतीय, कुणी म्हणे म्हैस व्यायलीय म्हणून तिकडंच राहिलीय. वन्सं तर म्हणाल्या, आजी तुझ्यासाठी बोरं गोळा करतीय. सगळ्यात जास्त मामंजी. दिवे लागले की आरूला मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "आज लय काम आसंल बग. राहिली आसंल खोपीतच." हे ते आरूला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. आरू ताटातली अर्धी भाकरी बाजूला काढायची, आजीसाठी. दुसऱ्या दिवशी ती वाळून कडक व्हायची आणि मी ती गुपचूप कोंबड्यांना घालायची. आत्या, ती भाकरी कुस्करताना माझ्या मनात काय काय यायचं ते तुम्हाला नाही सांगत.

तुमच्या लेकाला म्हटलं, तुम्ही बोला आबांशी. त्यांचं आपलं एकच, "आई जाऊन किती दिवस झालेत? थांब की जरा." तळेगावला कंपनीत शिफ्टला जायचं, परत यायचं, जेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. त्यांना तरी काय बोलू? त्यांची आई गेलीय. आणि इकडे शेतात अर्धं भात कापलेलं, अर्धं उभं. मामंजींचा गुडघा बांध चढू देत नाही. मग शेतावर कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतंय? लोणावळ्याच्या हॉटेलातली माझी नोकरी आरूच्या वेळी सुटली, तेव्हापासून मी घरात धुसफुसत होते. गणपतीत तुम्ही भाकऱ्या थापता थापता म्हणालात, "औंदाचं भात घरात आलं की म्या शेत वाट्यानं दिऊन टाकती. पोरीला म्या बगती. तू धर तुजी नोकरी." मी म्हटलं, तुम्हाला करमेल का शेताशिवाय? तर म्हणालात, "न करमायला काय झालं? बसून खायला कुनाला नको वाटतं?" आणि हसलात. सासूनं सुनेला एवढं सुखाचं काही दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. मी त्यावर नुसतं "बघू" म्हणाले. तुमचे पाय धरायला हवे होते, निदान तुमच्या हाताला हात तरी लावायला हवा होता. राहिलं ते.

आपलं एकच भांडण अर्धं राहिलंय. आरूला शेतावर न्यायचं की नाही. सगळी दुनिया म्हणते सासवा नातवंडांना शेताची गोडी लावतात आणि शिकलेल्या सुना नाकं मुरडतात. आपल्यात उलटं. मी म्हणायची, न्या तिला, मोकळ्यावर खेळेल. आणि तुम्ही म्हणायचात, "न्हाई. तिला न्हाई न्यायची." आपल्या बांधाला लागून तो फार्म झालाय, तिथं पुण्यामुंबईची माणसं गाड्या भरून येतात, पैसे मोजून लेकरांना गाय दाखवतात, भाताच्या रोपाला हात लावू देतात, फोटो काढतात. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, परक्यांची पोरं येऊन आपलं शेत बघून जातात, आणि आपल्या पोरीनं ते बघायचं नाही?"

तुम्ही तांदूळ निवडायचं थांबवलंत. म्हणालात, "तेंची पोरं संध्याकाळी परत जात्यात."

मग सुपातला एक खडा वेचून टाकलात आणि म्हणालात, "म्या लगीन हून आली तवा चार दिस हौसंनं गेलती शेतावर. माज्या संतोषला झोळीत टाकून लावनी केली, पोरीला शाळंतनं काडून गुरांमागं लावली. कवा हौस संपली आन् कवा अडाकली, कळलं न्हाई. हिला नको." मला वाटलं, पुढं कधीतरी गाठू यांना, या विषयावर पुरं भांडू. आता कुणाशी भांडू? तुम्ही तर सुटलात आणि तुमच्या जागी मी उभी. राग येतो हो मला तुमचा. खरंच येतो.

तर तेराव्यानंतरच्या शनिवारी काय झालं ते सांगते. मी चुलीपुढं होते, मामंजींना वाटलं आरू माझ्यापाशी, मला वाटलं ती त्यांच्यापाशी. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. पवनानगरकडं जाणारा जीपवाला, आरूला कडेवर घेऊन दारात उभा. पोरगी शेताची वाट चुकून डांबरी रस्त्यावर पुलापाशी मधोमध चालत होती म्हणे, हातात भाकरी. शनिवारच्या गाड्या कशा सुटतात त्या रस्त्यानं, तुम्हाला माहीत आहे. "वहिनी, मी ब्रेक दाबला म्हनून," एवढंच तो बोलू शकला. मी आरूला घेतली आणि आधी पाठीत एक धपाटा घातला, मग छातीशी धरली. ती म्हणाली, "आजीला भूक लागली आसंल."

मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. उपरण्याच्या टोकाला पीळ घालत बसले.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. डबा भरला, आरूला टोपी घातली आणि पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत निघाले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, कुटं?" मी म्हटलं, "शेतावर. हिला घेऊन." त्यांचा चेहरा पडला. मामंजींनी मान वर केली नाही. तुम्ही असतात तर रस्ता अडवून उभ्या राहिल्या असतात, मला माहीत आहे. पण मला दुसरं काही दिसेना. माझा हिशोब सोपा होता. तिला शेत दाखवायचं, आजी तिथं नाही हे तिला आपल्या डोळ्यांनी बघू द्यायचं, म्हणजे मला तोंडानं काही बोलावं लागणार नाही. म्हणजे बघा, शूरपणा कसला, पळवाटच ती.

वाटभर ती पुढं पळत होती. नाकतोडे उडाले की थांबायची, खेकड्याच्या बिळात काडी घालायची, पुन्हा पळायची. आपलं शेत दिसलं तिथं ती थबकली. कापलेल्या खाचरात बगळे उतरले होते, सावडीची माणसं भात झोडत होती. आज तुमच्यात, उद्या आमच्यात करत वाडीवरनं आलेली माणसं, तुमच्या शब्दाखातर अजून येतायत. कंबर वाकवून झोडणारी प्रत्येक बाई आरूला आजी वाटली. ती एकेकीपाशी गेली, खाली वाकून तोंड बघितलं आणि पुढं गेली. आत्या, कुणाचाच हात चालेना. मग ती खोपीत गेली. पेंढ्याच्या मागं गेली. म्हशीच्या पलीकडं वाकून बघितलं. मग शेताच्या मधोमध उभी राहून, पोटातलं सगळं बळ काढून तिनं हाक मारली, "आजीऽऽ!"

ठकू मावशीला राहवलं नाही. तुमची जन्माची जोडीदारीण ती, ठाकरवाडीवरनं तुमच्याआधी शेतात हजर असायची. डोळे पुसून, अगदी हसऱ्या तोंडानं ती म्हणाली, "आजी व्हय? आत्ताच गेली की घराकडं! वाटंत गाठ न्हाई पडली?"

आरूचं तोंड असं फुललं म्हणून सांगू! माझा हात धरून ओढायला लागली. "आई, चल! आजी घरी गेली! चल लवकर!"

आणि मी निघाले की हो तिच्यामागं. पाय आपोआप चालले. दोन बांध ओलांडले आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आता घरी जायचं. घरी मामंजी म्हणणार, शेतावर गेली. उद्या पुन्हा शेतावर, ठकू मावशी म्हणणार, घरी गेली. पोरगी अशीच या वाटेवर धावणार, आणि मी तिच्यामागं. सगळी मायेची माणसं, एकाच्याही पोटात पाप नाही, आणि सगळ्यांनी मिळून त्या लेकराला असं अडकवलेलं की तिला कुठंच पोचता येऊ नये.

मी बांधावर मटकन बसले. तिला पुढ्यात उभी केली. म्हटलं, "आरू, आजी घरी नाही."

"शेतावर?"

"शेतावर पण नाही. आजी मेली, बाळा."

तो शब्द मी तोवर स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. गेल्या, वारल्या, देवाघरी गेल्या, सगळं म्हणून झालं होतं. आरूनं विचारलं, "मेली म्हंजी?" आता काय सांगू? मी म्हटलं, "आपली लाल कोंबडी आठवते? मुंगसानं धरलेली? ती मेली होती ना?" तिनं मान हलवली. "मग ती उठली का परत? दाणे खायला आली का?" "न्हाई." "तसं. आजी आता उठणार नाही, येणार नाही." माफ करा आत्या, तुम्हाला कोंबडीच्या पंगतीला बसवलं. पण त्या वेळी मला जे सुचलं ते हेच.

"उद्या?"

"उद्या पण नाही."

"मंग परवा?"

"परवा पण नाही, सोन्या. कधीच नाही."

आधी तिनं मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर, तोंडावर. मी मारू दिलं. मग ती रडली. हट्टाचं रडणं नव्हतं ते. तुमच्यासाठी या घरात कुणीच तसं मोकळं रडलं नव्हतं. माझाही बांध फुटला. आम्ही दोघी तुमच्या बांधावर बसून गळे काढून रडलो. झोडणारी माणसं लांबून बघत होती, बघू देत. आणि रडता रडता मध्येच थांबून ती म्हणाली, "आई, भूक लागली." डबा उघडला. अख्खी भाकरी खाल्ली तिनं, पिठलं सगळं चाटून पुसून. काहीही बाजूला काढलं नाही. किती दिवसांनी पोटभर जेवली पोरगी. मग तिथंच दुपारभर पेंढ्यात लोळली, म्हशीला गवत घातलं, बगळ्यांमागं धावली. तिला तिथं हसताना बघून मला तुमचा शब्द आठवला. मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, तिला मी अडकू देणार नाही. स्वतःचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही.

घरी परतलो तेव्हा दिवे लागले होते. मामंजी ओट्यावर, वन्सं तुळशीपाशी वात लावत होत्या, तुमचे लेक कपडे बदलत होते. वाटभर मला एकच धास्ती होती. आता हे विचारणार, मी काय केलं ते सांगावं लागणार, आणि सासऱ्याचा शब्द मोडलेली सून म्हणून मी या घरात कशी राहणार?

मामंजींनी आरूच्या केसांतला पेंढा काढला आणि नेहमीसारखंच म्हणाले, "दिसली न्हाई न्हवं आजी? वरल्या अंगाला आसंल ती. लय काम आसतं ग तिला."

आरू म्हणाली, "आजी मेली. कुटंच न्हाई."

वन्संच्या हातातली काडी विझली. तुमचे लेक दारात आले आणि तिथंच थांबले. मी मान खाली घातली, ओरडा खायची तयारी करून. पण ओरडा आलाच नाही. मी वर बघितलं तर मामंजींची हनुवटी थरथरत होती. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि आतून असा आवाज आला की गोठ्यातली म्हैससुद्धा उभी राहिली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले ते, आत्या. खांदे गदगदा हलत होते.

आरू घाबरली नाही. ती ओट्यावर चढली, दोन्ही हातांनी त्यांचं उपरणं बाजूला केलं आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, "आबा, तुला म्हाईत नव्हतं?"

मामंजी म्हणाले, "न्हाई गं बाय. मला कुनी सांगितलंच न्हाई."